खारपाणपट्ट्यात घर बांधतोय : मुरूम लागतच नाही, पाया किती खोल घ्यावा?

बाभूळबन

नमस्कार मंडळी,

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, पूर्णा नदीपासून फार लांब नाही असं आमचं गाव. जुनं धाब्याचं घर गेल्या पावसाळ्यात एका अंगाला बसलं, ते उतरवून जागा मोकळी केली. आता तिथेच नवं घर बांधायचंय. जागा ४० बाय ६०, खालचं बांधकाम साधारण ११०० चौरस फूट. पुढेमागे वर एक मजला चढवायचा विचार आहे, म्हणून आरसीसी कॉलमवरच करायचं ठरलंय.

जमीन काळीभोर. चैत्र-वैशाखात भेगा अशा पडतात की कोपरापर्यंत हात आत जातो. पायाबद्दल तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. मिस्त्री म्हणतो पाच फूट खड्डा, चार बाय चारचं फुटिंग (कॉलमखालचा रुंद काँक्रीटचा पाया), आजूबाजूला मुरूम, झालं काम. ठेकेदार आठ फुटांवर अडून बसलाय. पुण्याचे मेहुणे म्हणतात, मुरूम लागल्याशिवाय काँक्रीट टाकूच नको. आता मुरूम आणू कुठून? शेजाऱ्यांनी बोअर मारला तेव्हा मी स्वतः उभा होतो. शंभर फुटांपर्यंत चिकट माती आणि मधेमधे बारीक रेती, दुसरं काही वर आलं नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरचं पाणी खारं, त्यात केलेला चहा फाटतो. मिस्त्री म्हणतो गावात सगळ्यांचे स्लॅब याच पाण्यावर पडलेत. नळयोजनेचं गोडं पाणी येतं, पण रोज येत नाही. सगळं बांधकाम टँकरवर करायचं म्हटलं तर परवडेल का?

तिसरं, खड्ड्यांतून निघालेली काळी माती जोत्यात परत भरली तर काय बिघडेल? मुरूम बराच लांबून आणावा लागतो, गाडीभाड्यातच जीव जातो.

आणि शेवटचं. घराच्या मागच्या कोपऱ्यापासून दहा फुटांवर मोठा कडुनिंब आहे. आई तो तोडू देणार नाही, मलाही तोडायचा नाही. काही धोका आहे का?

पारनेरी

आमच्याकडे चार फुटांवर कडक मुरूम आणि सहाव्या फुटाला जेसीबीचे दात वाजायला लागतात. मेहुणे बरोबर सांगतायत, कडक लागेपर्यंत जायचं. दहा फूट गेलं तरी चालेल, पण पोकळ जमिनीवर कॉलम उभा करू नका राव.

सिव्हिल_पुणे

बेअरिंग कॅपॅसिटी, म्हणजे जमिनीची भार पेलायची ताकद, कमी असेल तर सरळ राफ्ट टाका. सगळ्या घराखाली एकच जाड स्लॅब. विषय संपला.

ओळंबा

बाभूळबन भाऊ, मेहुण्यांचा सल्ला पुण्यात आणि पारनेरात अगदी खरा आहे. दर्यापुरात तो लागू पडत नाही. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो, नोकरीचा बराच काळ अमरावती-अकोल्यातच गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्णेचं खोरं म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेला पट्टा. त्यात नद्यांनी युगानुयुगं गाळ आणून भरला. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरचा काही भाग, सगळा त्या गाळावर वसलाय आणि कित्येक ठिकाणी तो शेकडो फूट जाड आहे. काळा खडक त्याच्याही खाली. तिकडे दक्षिणेला बार्शीटाकळी, पातूरकडे गेलात की काही फुटांवर मुरूम हाताला येतो. तेव्हा ठेकेदार अकोल्याचा असला तरी त्यानं आजवरची कामं नदीच्या कुठल्या अंगाला केलीत हे विचारून घ्या. आठ फूट हा आकडा त्यानं कुठून आणला तेही त्यातच कळेल.

तुमच्याकडे प्रश्न जमीन पोकळ असण्याचा नाही. ही माती वजन बऱ्यापैकी पेलते. तिची खोड वेगळी आहे : पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तिच्यात भरपूर असते, ती थराथरांत पाणी धरून ठेवते. वरून दुमजली घराचा भार असला तरी फुगताना ती हलक्या कोपऱ्याला उचलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. सगळं घर एकसारखं वर-खाली झालं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण घराखालची मधली माती झाकलेली राहते, तिथला ओलावा फारसा हलत नाही. कडेची माती मात्र पावसाळा-उन्हाळा भोगत असते. त्यामुळे कडा हलतात, मध्य जागेवर राहतो आणि भिंत तिरपी तडकते. सिव्हिल_पुणे यांच्या राफ्टचंही तेच. खालून बीम देऊन ताठ केलेला राफ्ट असेल तर तो टिकतो, पण त्याचं लोखंड बघून बाभूळबन भाऊ शेत विकायला काढतील. साधा सपाट राफ्ट या मातीवर वाकतो.

म्हणून खोलीचा हिशेब मुरमाशी लावायचा नाही, ओलाव्याशी लावायचा. आपल्या काळ्या मातीत ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो तो साधारण वरच्या साडेतीन मीटरपर्यंत. त्याखाली माती बारमाही जवळपास सारखीच. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हेच धरून अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेला जमिनीतला काँक्रीटचा खांब, पुढे आणली. जमिनीत दहा-बारा इंच व्यासाचं भोक हातानं फिरवायच्या ऑगरनं साडेअकरा फूट किंवा जास्त खोल घ्यायचं, तळाशी पाती उघडणारं अवजार घालून ते अडीच पट रुंद करायचं आणि सळईचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. खालचा रुंद बल्ब स्थिर मातीत रुतलेला असतो. वरची माती फुगून पाइलला उचलायला गेली तरी बल्ब धरून ठेवतो. भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात सगळं दिलंय. एक फूट व्यासाची, साडेतीन मीटरची, एका बल्बची पाइल त्यातल्या तक्त्याप्रमाणे १६ टन घेते. पुढेमागे वरचा मजला धरला तर तुमच्या आतल्या कॉलमवर त्याहून जास्त भार येईल, तिथे दोन पाइल आणि वर त्यांना जोडणारी काँक्रीटची कॅप लागेल. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तुमच्या नकाशावर बसवायचं काम आहे, माझ्या लिहिण्यावरून मिस्त्रीला सांगू नका.

पाइलवर जो प्लिंथ बीम, म्हणजे भिंती पेलणारी जोत्याची तुळई, येतो तो जमिनीला टेकता कामा नये, हे मात्र मी लिहिलंय म्हणून मिस्त्रीला नक्की सांगा. खाली किमान ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून थोडी जास्त फट सोडायची. माती फुगली तर त्या फटीत फुगेल. आमच्याकडचे मिस्त्री ही फट दिसली की प्रेमानं मुरूम ठोकून बुजवतात. मग पाइलवर केलेला सगळा खर्च पाण्यात.

आता फुटिंगच करायचं असेल तर. तेही होतं, गावोगाव झालंय. पण मग पाच फूट हा आकडा मिस्त्रीच्या सवयीचा, तुमच्या जमिनीचा नव्हे. आधी माती तपासून घ्या. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा, नाहीतर खासगी प्रयोगशाळा आहेत. भारवहन क्षमता, फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती टक्के फुगते तो आकडा) आणि फुगण्याचा दाब हे तिन्ही मागा. फक्त पहिलं मागाल तर हाती आलेल्या आकड्यावर खूश व्हाल आणि खरी गोष्ट कळणारच नाही.

फ्री स्वेल तर घरीही अंदाजानं बघता येतो. पाच-सहा फूट खोलीवरची माती आणा, कडक वाळवा, कुटून अगदी बारीक चाळणीनं गाळा. दहा-दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन मापनळ्यांत टाका. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून चोवीस तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. रॉकेलात ती १० मिलिलिटरच्या रेघेवर बसली आणि पाण्यात २० वर, तर फुगवटा शंभर टक्के. मानकाप्रमाणे ५० च्या आत असेल तर काळजी नाही, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० म्हणजे गंभीर, २०० च्या वर असेल तर पाइलशिवाय बोलूच नका. प्रयोगशाळेच्या रिपोर्टला हा पर्याय नव्हे, पण मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर नळी धरली की त्याचा आवाज खाली येतो. रॉकेल कुठून मिळवायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

पाण्याचं आणि निंबाचं रात्री लिहितो.

बाभूळबन

साहेब, फार उपकार. ही पाइल करणारी माणसं आमच्याकडे मिळतील का? मिस्त्रीनं नावही ऐकलेलं नाही. आणि बल्ब खाली खरंच झाला की नाही हे वरून कसं कळणार? तो तर जमिनीच्या पोटात.

अकोटची_सून

आमचं घर सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात बांधलं, विटांच्या जाड भिंती, दगडी पाया. मी लग्न होऊन आले त्या वर्षी श्रावणात देवघराचं दार लागेना. सासूबाई म्हणाल्या, थांब, दिवाळीनंतर आपोआप लागेल. खरंच लागलं. आमच्याकडे सुतार बोलवत नाहीत, ऋतू बदलायची वाट बघतात.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून जमिनीकडे तिरपी चीर जाते. मे महिन्यात पेन्सिल बसेल एवढी, भाद्रपदात नख लावून शोधावी लागते. दरवर्षी पुट्टी भरायचो, दरवर्षी ती पावसाळ्यात चिमटून बाहेर यायची. मग एका ओळखीच्या इंजिनिअरनं घर बघितलं. भिंतीला हातही न लावता ते घराभोवती फिरले. न्हाणीचं पाणी उघड्या नालीनं भिंतीलगत जात होतं, गच्चीचा पन्हाळ पायाशी पडत होता आणि दुसऱ्या अंगाला मी हौसेनं मोगरा-जास्वंदीचा वाफा केला होता, त्याला रोज पाणी. चीर नेमकी त्याच दोन भिंतींना. त्यांनी सांगितलं तसं केलं : घराभोवती पाच फूट रुंद फरशी, बाहेर उतार देऊन, भिंत आणि फरशीच्या सांध्यात डांबर. पन्हाळाला पाइप लावून पाणी थेट रस्त्याच्या नालीत सोडलं. वाफा अंगणाच्या टोकाला नेला. चिरा गेल्या नाहीत, पण आता देवघराचं दार बारा महिने लागतं.

बाभूळबन भाऊ, तुम्ही नवं बांधताय तर हे आधीच नकाशात घालून घ्या. नंतर फरशी करायची म्हणजे तुळशीवृंदावन हलवण्यापासून सुरुवात होते.

ओळंबा

ताईंनी लिहिलेली फरशी हे या मातीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. घर बांधून पैसे संपले की ते राहतं, म्हणून पायाच्या अंदाजपत्रकातच धरा.

बल्बचं. हातअवजारांनी पाइल करणाऱ्या टोळ्या अमरावती-अकोल्यात विचारल्या तर मिळतात, ट्रान्सफॉर्मर-टॉवरची कामं करणारे ठेकेदार त्यांना ओळखतात. तपासणी पोत्यांवरून करा. एक फूट व्यास, साडेतीन मीटर खोली, अडीच फुटी बल्ब, यात साधारण सव्वाअकरा घनफूट काँक्रीट जातं. बल्ब नसेल तर पावणेनऊ. घनमीटरला आठ पोत्यांच्या मिश्रणानं हिशेब केला तर बल्बसकट पाइलला अडीच पोती सिमेंट खपलं पाहिजे. दोन पोत्यांत भोक तोंडापर्यंत भरलं तर खाली नुसतं भोकच होतं, बल्ब नव्हता. प्रत्येक पाइलला किती पोती गेली ते भिंतीवर खडूनं नाही, वहीत लिहा, कारण भिंत अजून व्हायचीय. भोक घेतलं त्याच दिवशी काँक्रीट झालं पाहिजे, रात्रभर उघडं ठेवायचं नाही. आणि पिंजरा सोडण्याआधी तळातली सुटी माती काढली का ते बॅटरी मारून स्वतः वाकून बघा.

पाण्याबद्दल तुमचा मिस्त्री खोटं बोलत नाही, स्लॅब पडलेत खरे. त्यांतला दहा-पंधरा वर्षं जुना एखादा खालून बघा. वरचं काँक्रीटचं कव्हर सुटून सळई उघडी पडलेली, तपकिरी ओघळ आलेले दिसतील. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड सळईला गंज लावतं, गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. भारतीय मानक ४५६ मध्ये मर्यादा दिलीय : आरसीसीसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइड, सळई नसलेल्या काँक्रीटला २०००. सल्फेटची मर्यादा ४००. बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासायला द्या, पण चहा फाटतोय म्हणजे माझ्या मते रिपोर्टची वाट बघायचीही गरज नाही.

मात्र टँकरला घाबरू नका, हिशेब करा. पोत्याला पाणी लागतं पंचवीस ते सत्तावीस लिटर. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब धरला तर सुमारे ९५ पोती, म्हणजे अडीच हजार लिटर पाणी. पाच हजारांचा टँकर अर्धा उरतो! मिस्त्री लोक मिक्सरमध्ये पाइप धरून ओततात म्हणून पाणी जास्त वाटतं, आणि त्या जास्तीच्या पाण्यानं काँक्रीट कमजोर होतं ते वेगळंच. बादली मोजून द्या. जास्त पाणी जातं ते क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला. त्याच स्लॅबवर दोन इंच पाणी साठवायचं तर एका भरणीला पावणेपाच हजार लिटर, वर रोज उडून जातं ते निराळं. तेही गोडंच हवं. खारं पाणी वर साठून वाळत राहिलं तर मीठ मागे उरतं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, असेल तर मानकाप्रमाणे किमान दहा दिवस ओलं ठेवायचं, आपल्या उन्हात मी चौदा सांगतो. कॉलमना बारदान गुंडाळा, पाणी वाचतं. नळाचं पाणी येईल त्या दिवशी भरून ठेवायला एक मोठी टाकी आत्ताच उभी करा, पुढे घराला लागेलच. फक्त ती टाकी पायालगत नको, गळकी टाकी ही फुगणाऱ्या मातीची मेजवानी.

विटा भिजवायला आणि जुडाईला खारं पाणी चालतं असं सगळे म्हणतात. सळई नाही, म्हणून भिंत पडणार नाही हे खरं. पण लोणा फुटतो, म्हणजे भिंतीवर मीठ येतं, रंग टिकत नाही आणि दर दोन वर्षांनी खालचं हातभर प्लास्टर खरवडत बसावं लागतं. रेती कुठून येते तेही बघा, खाऱ्या नाल्यातली असेल तर धुऊन घ्या.

जोत्यात काळी माती परत नको. बाकी कुठे काटकसर करायची ती करा, इथे नाही. फरशीखाली ती फुगली की हॉलच्या मध्यावर टाइल्सचा उंचवटा येतो. मुरूम सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसानं चोपून भरा. जेसीबीनं एकदम ओतून वरून चाक फिरवलं म्हणजे भराई झाली असं समजणारे ठेकेदार पुष्कळ. मुरूमही थोडा चिकटपणा असलेला घ्या. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी हे दाखवून दिलं होतं की न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दिला तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं. आम्ही कालव्याच्या अस्तराखाली असा मुरूम चोपलाय.

फुटिंगच केलंत तर बाहेरच्या अंगाला खड्डा भरताना उलटी चूक होते. लोक तिथे भुसभुशीत मुरूम किंवा रेती टाकतात. चोहोबाजूंनी चिकण माती आणि मधे रेती, म्हणजे पायाभोवती हौद बांधल्यासारखं. पावसाचं सगळं पाणी तिथेच येऊन थांबतं. बाहेरचा खड्डा दाबून भरा, वर ताईंसारखी फरशी करा. शौचालयाचा शोषखड्डा या मातीत पाणी शोषत नाही, नुसता तुंबतो, तो आणि सेप्टिक टँक जमेल तितके लांब, उताराच्या बाजूला.

कडुनिंब. आईंचं ऐका. मोठं झाड काढलं तर ते आजवर जे पाणी ओढत होतं ते जमिनीत राहायला लागतं आणि माती पुढची काही वर्षं हळूहळू वर येते. ठेवलं तर उन्हाळ्यात तो कोपरा जास्त वाळतो. दोन्हीत ठेवलेलं बरं, कारण त्याचा बंदोबस्त करता येतो. तुमची जागा ४० बाय ६० आहे, घर झाडापासून जेवढं पुढे सरकेल तेवढं सरकवा, रस्त्याकडचं अंगण लहान झालं तरी चालेल. त्या कोपऱ्याच्या पाइल इंजिनिअरला सांगून जास्त खोल घ्या. आणि झाडाच्या बाजूला नळाची तोटी किंवा न्हाणी काढू नका, म्हणजे एका अंगाला कोरडं आणि एका अंगाला ओलं असा खेळ होणार नाही.

पारनेरी

ओळंबा साहेब, मी आधी लिहिलेलं मागे घेत नाही, पण ते आमच्या तालुक्यापुरतं समजा 😄 एक शंका. बाभूळबन यांनी खोदकाम कधी करावं? आमच्याकडे मे महिन्यात करतात, मजूर मोकळे असतात.

ओळंबा

या मातीत मे नको. तेव्हा ती सर्वांत जास्त आकसलेली असते, त्यावर बसवलेलं फुटिंग पहिल्याच पावसाळ्यात उचललं जातं. ऐन पावसाळ्यात तर खड्डाच राहत नाही, चिखलात माणूस रुततो. दिवाळी झाली, रानातली कपाशीची वेचणी सुरू झाली की ओलावा मधल्या पातळीवर येतो. मजूर तेव्हा महाग असतात, ते मान्य. तरी तेव्हापासून माघ संपेपर्यंत पायाचं काम उरकून जोतं वर काढावं. फुटिंगचा खड्डा असेल तर शेवटचे सहा इंच जेसीबीनं काढू नका. पीसीसी (फुटिंगखालचा साध्या काँक्रीटचा थर) ज्या दिवशी टाकायचंय त्याच दिवशी सकाळी फावड्यानं काढा, तळ उन्हात तडकायला वेळच द्यायचा नाही.

बाभूळबन

सगळ्यांचे आभार. उद्या माती आणि पाणी दोन्ही घेऊन अमरावतीला निघतोय. मिस्त्रीला फट सोडायचं सांगितलं तर म्हणाला, "फटीत साप राहतील." आता याला काय उत्तर देऊ?

ओळंबा

बीमच्या दोन्ही अंगांना, मातीत उतरतील अशा पातळ फरशा किंवा सिमेंटचे पत्रे उभे लावा, बीमला घट्ट न करता. माती आत सरकत नाही आणि सापालाही वाट राहत नाही. पाइलचा ठेकेदार हे काम ओळखतो, मिस्त्रीला त्याच्या हाताखाली ठेवा. आणि माती नेताना प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून न्या, ओलावा उडता कामा नये. दोन खोलींवरची वेगवेगळी न्या, चार फुटांवरची आणि दहा फुटांवरची, बाहेर चिठ्ठी लावून. रिपोर्ट आला की आकडे इथे टाका, तुमच्या इंजिनिअरनं काय सुचवलं तेही लिहा.